तिसरा पुकारा

गुरुवार, ता. १२

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आईचे गुडघे कुरकुरतात आणि गुडघ्यांपेक्षा आई जास्त कुरकुरते. पत्र तुझ्या शेजारच्या शिवणवाल्या मावशींकडे पाठवतेय. भावोजींच्या हाती पडलं तर ते तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, हे मला आता कळून चुकलंय.

माझी नोकरी कायम झाली. कोर्टाच्या दारात उभं राहून नावं पुकारायची. बायकांमधली मी पहिलीच पट्टेवाली, त्यामुळे पट्टा पुरुषी मापाचा मिळालाय. कितीही आवळला तरी घसरतो. लहानपणी तू मला भोंगा म्हणायचीस ना? त्या भोंग्यावरच आता पोट भरतंय.

नवा कायदा तुझ्या कानावर आलाच असेल. पूर्वी नवऱ्यानं येऊन 'आमचं आपसात मिटलं' म्हटलं की बाईची तक्रार बंद व्हायची. आता त्या सगळ्या तक्रारी पुन्हा उघडल्यात. बाईनं स्वतः येऊन बोलायचं, आणि तिला तिच्याच नावानं बोलवायचं. आमचे म्हातारे पट्टेवाले काका मात्र जन्मभराच्या सवयीनं 'अमक्याची बायको हाजिर हो' असंच ओरडतात.

मागे एका गवंड्याच्या बायकोची तारीख होती. काकांनी दोनदा 'गवंड्याची बायको' म्हणून पुकारलं. कोणी आलं नाही. गवंडी आत हात जोडून उभा. "बाईसाहेब, ती माहेरी गेलीय. सुखात आहे." न्यायाधीशबाई म्हणाल्या, "तिचं नाव घ्या." तिसरा पुकारा मी केला, नावानं.

पॅसेजच्या टोकाकडून आवाज आला, "आले हं." हातातलं काम टाकून एखादी बाई येते ना, तसा. आम्ही सगळे दाराकडे बघत राहिलो. मी टोकापर्यंत जाऊन आले. रिकामं बाकडं होतं, बाकी काही नाही. परतले तर गवंडी मटकन खाली बसलेला. त्याच्या घरी स्वयंपाकाचा ओटा नुकताच नवा घातला होता. पोलिसांनी तो फोडला.

त्यानंतर आणखी दोघी. ताई, मला आता फरक कळतो. जिवंत बायका दुरून ओ देत नाहीत. त्या धडपडत आत येतात आणि कोणी काही विचारायच्या आधीच म्हणतात, "उशीर झाला, माफ करा." मी त्यांचा हात घट्ट धरते. तो हात गरम लागला की मला रडूच येतं. काका म्हणतात, "पोरी, तुझ्या जिभेत काहीतरी आहे." मला नाही तसं वाटत. आजवर त्या बायकांना कोणी नावानं बोलावलंच नसेल.

बघ, मी पाल्हाळच लावलं. खरं ते लिहायला हात धजत नाही.

सोमवारी तुझी तारीख आहे. भावोजींनी 'मिटलं' म्हणून सही केली आणि आपल्या आईनं मान डोलावली, तीच तक्रार. फोन केला की ते म्हणतात, "झोपलीय." सकाळी झोपलेली, दुपारी झोपलेली. मी येऊन गेले, दाराला कुलूप होतं. मावशी म्हणतात, बऱ्याच दिवसांत तू दिसली नाहीस, पण दोरीवर तुझे कपडे आहेत. तेच. कोणी काढतच नाही. चौकीत गेले तर साहेब हसले. "नवरा सांगतोय ना, घरी आहे म्हणून?"

न्यायाधीशबाईंनी मला सोमवारी सुट्टी घ्यायला सांगितलं. मी नाही म्हटलं. काका तुला भावोजींची बायको म्हणून पुकारतील. तुझं नाव मीच घेणार, आणि अख्खा पॅसेज दुमदुमेल असं घेणार.

घरात कोणाचीही हाक तू कधी खाली पडू दिली नाहीस, याचीच मला भीती वाटते. तू ये. अनवाणी ये, उशिरा ये, माफी मागत ये. नाहीच जमलं तर गप्प राहा, मी शोधत येईन. पण तुझ्या पाया पडते ताई, दुरून ओ देऊ नकोस.

सोमवारी दाराशी तुझी वाट बघणारी,
तुझी धाकटी