दख्खन कपची तारीख

२ डिसेंबर २०२४, सोमवार
क्लबहाऊसमधला दख्खन कपचा बोर्ड आज उतरवला. बारा वर्षं चाललेली गोल्फची टूर्नामेंट. जिंकणाऱ्यांची नावं सोनेरी अक्षरात. २०२२ नंतर झालीच नाही. सिमेंटवाल्या स्पॉन्सरनं हात काढला, बंद पडली, असं लोक बोलतात. लोकांना काय कळतंय. बोर्ड उतरवला म्हंजे रंगवायला नेला. रंगवायला म्हंजे नवीन नावाला जागा करणार. फेब्रुवारीत टूर्नामेंट चालू. साधं लॉजिक आहे.

८ डिसेंबर
आईचा कोरेगावहून फोन. जतच्या स्थळाचं पुढं सरकलंय. अंजनाला मी जत्रेत बघितलंय. तिनंही मला बघितलंय, दोनदा. तिचे वडील बाळासो विचारत होते, पोरगं बेंगळुरूत नक्की काय करतंय. आई म्हणाली, गवत कापतंय. आईला किती वेळा सांगितलं, याला कोर्स मेंटेनन्स म्हणतात.
मीच बाळासोंना फोन लावला. कपचा सगळा इतिहास सांगितला. मोठ्या टूरवर नंबर लागत नाही ते प्रो इथं खेळायचे. म्हंजे मैदानात दोन नंबरच्या कुस्तीचे पैलवान. शेवटच्या साली अठराव्या होलवरचा झेंडा मी धरला होता. (धरणारा लघवीला गेला होता. एवढं बारीक इतिहासात येत नाही.) १६ फेब्रुवारी, रविवार, फायनल. सगळ्या पाहुण्यांनी दिवस मोकळा ठेवा म्हटलं. ठेवतो म्हणाले.

१५ डिसेंबर
सुपरवायझरला फायनलची वेळ विचारली. कुठली फायनल, ब्लेड बदल, म्हणाला. म्हंजे गुप्त ठेवतायत.
उद्यापासून रोज एक तास इंग्लिश.

२९ डिसेंबर
इंग्लिश राहिलं. ब्लेड बदललं.
एक मेंबर सांगत होते, हा खेळ परदेशात मेंढपाळांनी काढला. काठीनं दगड मारत बिळात घालायचे. म्हंजे खेळ आपलाच, मेंढरं राखणाऱ्यांचा! लगेच बाळासोंना कळवलं. मेंढपाळांचा? असं दोनदा विचारलं. इम्प्रेस झाले. म्हणाले, पाहुणे आणायच्या आधी एकदा येऊन बघून जातो.

१२ जानेवारी
बोर्ड सापडला. मशीनच्या शेडमध्ये विटांवर आडवा टाकलाय, बाकड्यासारखा. रंगवायच्या आधी लाकूड सुकवत असतील.

१८ जानेवारी, शनिवार
बाळासो विजापूरच्या गाडीनं आले. डोक्याला पटका, काखेत भाकरीचं गठुडं. मी नवीन टोपी घातली होती. त्यांनी टोपीकडं बघितलं नाही.
गवतावर पाय ठेवायच्या आधी त्यांनी वहाणा काढल्या. मी म्हटलं, चालतंय. नको म्हणाले. वाकून चिमूटभर गवत उपटलं, वास घेतला, दाताखाली धरलं. पाणी किती वेळा देता? दोन वेळा, रोज. कापलेलं कुठं जातं? खड्ड्यात. त्यांच्याकडं टँकर आठवड्यानं येतो, ते मला माहीत होतं, पण विषय कपचा होता. मी दोन हजार अकरापासून सुरुवात केली. मध्येच म्हणाले, "मेंढपाळांचा खेळ म्हनला हुतास. मेंढरं कुठं हायती?"
"आवं मामा, मेंढरं न्हाईत हितं. नुसता खेळ."
"म्हंजे मेंढरं हाकलली आन काठी तेवढी ठेवली."
मी हसलो. ते हसले नाहीत.
भाकरी खायला बोर्डावरच बसले. २०१४ च्या विजेत्यावर बसलाय म्हणून सांगितलं. तर सरकून २०१६ वर बसले. माणूस आदर ठेवणारा आहे.
मग सुपरवायझरशी कन्नडात बोलत उभे राहिले. जत कर्नाटकच्या शिवंला, तिथं घरोघरी कन्नड. मला तेवढं कळत नाही. माझं कौतुक चाललं असणार.
जाताना भाकरीच्या फडक्यात कापलेलं गवत बांधून नेलं. आठवण म्हणून.

२६ जानेवारी
निरोप नाही. पाहुण्यांच्या गाडीचं बघत असतील.

२ फेब्रुवारी
आईचा फोन. नाही म्हणाले.
कप बंद पडलाय हे सुपरवायझरनं त्यांना सांगितलं होतं. त्याचं काही नाही, बाळासो म्हणाले, पोरं फुगवून सांगत्यात. पोरगं कामाला चांगलं, गवत एकसारखं कापतंय. पुढचं आईनं त्यांच्याच शब्दात सांगितलं.
"असलं गवत रोज खड्ड्यात टाकतंय, आन त्येला कवा वाईट वाटलं न्हाई. त्येला लेक कशी दिऊ?"
वाईट वाटून घ्यायचं नाही असं ठरवलं. एकदम ओके आहे.

९ फेब्रुवारी
ओके आहे. जेवलो नाही. मेसमध्ये भाजीच तसली होती.

१६ फेब्रुवारी, रविवार
आज अंजनाचा साखरपुडा झाला. मुलगा पलूसचा. आजचाच दिवस का धरला, म्हणून आईला विचारलं. म्हणाली, सगळ्या पाहुण्यांनी हा रविवार मोकळा ठेवलाच होता. गाडीही सांगितलेली होती.
मी अठराव्या होलवर मशीन चालवलं. झेंडा आडवा येत होता, तो काढून हातात धरला. कोण बघायला नव्हतं.
कापलेलं गवत खड्ड्यात टाकवेना. पोत्यात भरलं, शेडमध्ये नेऊन बोर्डावर ठेवलं. संध्याकाळी सुपरवायझर म्हणाला, हे इथं का, टाकून ये.
टाकून आलो.