बाबांची धाप

केडगाव, ४ ऑक्टोबर १९७१

प्रिय यशया,

माझं पत्र बघून पोटात गोळा येऊ देऊ नकोस. आई धडधाकट आहे. जरा जास्तच धडधाकट आहे, म्हणून तर लिहितेय.

जामखेडकडचा शमुवेल नावाचा एक पोरगा सध्या गावोगाव ख्रिस्ती कीर्तनं करत फिरतो. आवाज थेट आपल्या बाबांचा! पुणतांब्याला म्हणे म्हाताऱ्या ढसाढसा रडल्या, कृपादानबुवा परत आले म्हणून. आता त्याला इतकी बोलावणी येतात की घरी जायला फुरसत नाही, पण दर आठवड्याला केडगावात मात्र हमखास येतो. लोकांचं काय, त्यांना रडायला निमित्त हवं. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. बाबा सदा फिरतीवर, त्यातून जामखेडला तर मुक्कामच ठोकायचे. देव मला क्षमा करो, पण आपल्या देवळात तो गायला उभा राहिला तेव्हा मी त्याचं नाक न् कान न्याहाळत बसले होते. बाबांचं नाक सरळ, ह्याचं चांगलं बसकं. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पण पुढच्या कीर्तनात वेगळंच ध्यानात आलं. 'तारणारा' म्हणताना तो 'तार'वर थांबतो, घशात हवा ओढतो आणि मग 'णारा' म्हणतो. लोक माना डोलावतात. अरे, ती बाबांची धाप! दम्यानं खाटेला खिळले त्या शेवटच्या वर्षातली. तेव्हा ते घरातच पडल्यापडल्या गायचे, बाहेरच्या कुणी ऐकलंच नाही. मग ह्याला शिकवली कुणी? आधी तुझ्यावर संशय घेतला. पण तू तर त्याआधीच बाबांशी भांडून पुण्याला गेलास, मातीलासुद्धा आला नाहीस. तुला ती धाप ठाऊकच नाही. राहिलो आई आणि मी.

आई दर गुरुवारी लंकाबाईकडे प्रार्थनेला जाते. म्हणजे मला तसं सांगते. मध्यंतरी बाजारात लंकाबाईच मला विचारते, तुझ्या आईला आमच्यावर राग आलाय का गं, फिरकत नाही ती! मग काय, या गुरुवारी शाळेतून लवकर सुटून मी तिच्या मागे गेले. देवळामागच्या लिंबाखाली शमुवेल गात होता आणि आई मागे बसून त्याच्या पाठीवर हात ठेवून होती. 'तार'ची जागा आली की ती पाठ दाबायची आणि हा धाप घ्यायचा.

घरी आल्यावर मी तिच्यावर तोंड सोडलं. म्हटलं, आई, ते गाणं नव्हतं, दुखणं होतं, आणि तू ते धडधाकट पोराच्या गळ्यात घातलंस! ती निवांत तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला काय कळंना व्हय? चांगला आवाज साऱ्या जिल्ह्यानं ऐकला. माज्या वाट्याला घरी आला त्यो धाप लागल्यावरच. मला तेवढाच येतो." यशया, मला इतकं रडू आलं, आणि तरी तिच्यावरचा राग काही जाईना.

आता मुद्द्याचं. सुगीच्या सणाला आई बाबांचा फेटा सगळ्या मंडळीसमोर शमुवेलच्या डोक्याला बांधणार आहे. एकदा तो वारस ठरला की ती धापच बाबांची गायकी ठरेल. माझ्या वर्गातली पोरं आत्ताच 'तार'वर श्वास तोडायला लागलीत. लहानपणापासून तू बाबांच्या मागे टाळ धरून उभा राहिलास आणि दुखणं यायच्या आत निघून गेलास. म्हणून बाबांचा निरोगी आवाज आता फक्त तुझ्याजवळ उरलाय. तुझ्या जाण्याचा राग मी आजवर उराशी धरला, आज तेच जाणं कामाला येतंय बघ. सणाआधी ये आणि त्या पोराला 'तारणारा' एका दमात गाऊन दाखव. फक्त एक कर. आई समोर बसली असेल तेव्हा त्याला धाप घेऊ दे. आणि तिच्यासमोर तू गायलास, तर तूही घे.

भांडायलाही तूच हवा असलेली, तुझीच
हन्नाताई