ठकूची कबुली

५ मार्च

ठकूने दुसऱ्याचं कार्ड वापरलं. एवढं एक वाक्य लिहायला तासभर गेला.

जेवणं झाल्यावर तिने टीव्ही बंद केला आणि उभ्याउभ्याच सांगितलं. ती हॉटेलच्या काउंटरवर असते. तिथे उतरलेल्या एका बाईंच्या कार्डाचा नंबर तिने टिपून घेतला, आणि घरी बसून खरेदी केली. कोट, फोन, घड्याळ. आज मॅनेजरने विचारलं तर लगेच हो म्हणाली. उद्या पोलिसांत तक्रार जाणार.

बायको म्हणाली, "तुला आम्ही काय कमी केलं होतं?"

"काही नाही."

मी विचारलं, मग का केलंस?

"जमेल असं वाटलं. जमलं."

मला वाटलं होतं ती रडेल, काही कारण सांगेल. एखादा मुलगा, एखादी मैत्रीण, कुणीतरी — ज्याच्यावर मला चिडता आलं असतं.

६ मार्च

चौकीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एकीचा पाय दोरीने बांधलेला. मी तिच्याबरोबर आत जायला लागलो तर फौजदार म्हणाला, "काका, तुम्ही बाहेर बसा. त्या सज्ञान आहेत." आवाजात राग नव्हता. रोजचंच असणार त्याला.

जामीन मी राहिलो. नातं या शब्दापुढे 'वडील' लिहिलं. अक्षर माझं वाटेना.

७ मार्च

लहानपणी लाकडी ठकीसारखी गोलमटोल होती, म्हणून ठकू. आज सकाळी चहाला हाक मारली आणि जीभ अडखळली. ठक, ठकू. भाषेनेही याच वेळी डाव साधावा.

११ मार्च

वकीलबाईंचं ऑफिस एका लाँड्रीच्या वर आहे. जिन्यापर्यंत इस्त्रीची वाफ येते. बाई पन्नाशीच्या, बोलायला रोखठोक. आम्ही बसतो न बसतो तोच म्हणाल्या, "कागदावर फसवणुकीला काही वर्षांची कैद आहे. ऐकून घाबरू नका, आणि विसरूही नका."

मग समजावलं. पहिलाच गुन्हा, विचारल्याबरोबर कबुली, त्यात नुकसान भरून दिलं तर न्यायाधीश बहुधा तुरुंगात पाठवत नाहीत. चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र घेतात, दंड करतात, ठरावीक दिवसांनी एका अधिकाऱ्यासमोर हजेरी लावायला सांगतात. "पण बहुधा म्हणजे बहुधा. मी खात्री विकत नाही."

"आणि नाकारलं तर?" हे मी विचारलं. ठकूने माझ्याकडे पाहिलं.

"तर खटला उभा राहील. कॅमेरे आहेत, पार्सलं तुमच्याच पत्त्यावर आलीत. दोन-तीन वर्षं चपला झिजवाल आणि शेवटी कबुलीची सवलतही घालवून बसाल."

कबूल केलं की दोषी ठरणारच, हेही सांगितलं. नाव नोंदीत राहतं. नोकरीच्या अर्जात तो प्रश्न असतो. जिथे पैसा हाताळायचा तिथे दार बंद समजा. परदेशी जायचं झालं तर तिथेही विचारतात. ठकू सगळं ऐकत होती, जणू दुसऱ्याच कुणाचं चाललंय.

निघताना वकीलबाई मला म्हणाल्या, "एकदा पाय घसरणं वेगळं आणि ती वाटच धरणं वेगळं. कोर्ट ते बघतं. आपली सगळी मदार त्यावर आहे."

घरी येईपर्यंत मी ते मनात घोळवत होतो. एकदा पाय घसरणं.

१२ मार्च

आज दुरुस्तीला गेलो ती लिफ्ट सातव्या मजल्यावर अडकली होती. डब्याच्या टपावर बसून दाराचा रोलर बदलला. काम दहा मिनिटांचं. मी अर्धा तास त्या अंधारात बसून राहिलो. तिथे कुणी काही विचारत नाही.

खाली उतरलो तर त्या इमारतीतल्या एका बाईंनी विचारलंच. "मुलगी काय करते हो तुमची?" म्हटलं, हॉटेलात रिसेप्शनला असते. 'होती' हा शब्द तोंडातून निघेना.

१९ मार्च

नुकसान भरलं. गाडीसाठी साठवलेले पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले. वस्तू पोलिसांकडे आहेत. तो कोट मी अजून पाहिलेलासुद्धा नाही.

बायको तिच्याशी बोलत नाही. जे असेल ते माझ्यामार्फत. "तिला सांगा, भांडी विसळून ठेव." ठकू दोन हातांच्या अंतरावर उभी, तरी मी निरोप पोचवतो. घरात माणसं तीन, त्यातला एक पोस्टमन.

२ एप्रिल

कोर्टाची पहिली तारीख. ठकू म्हणाली, "मला गुन्हा मान्य आहे." न्यायाधीशांनी विचारलं, कुणाचा दबाव? "नाही." सगळं मिळून हात धुवायला लागतो तेवढाच वेळ. शिक्षा नंतर. आधी कोर्टाच्या एक अधिकारी घरी येऊन आम्हाला बघणार आणि अहवाल देणार.

९ एप्रिल

कोर्टाच्या अधिकारीबाई आल्या. हळू बोलणाऱ्या, चष्म्याची काडी चिकटपट्टीने जोडलेली. कोण कुठे झोपतं, कमावतं कोण, ठकूचं कुणाशी पटतं, सगळं विचारलं. बायको विचारलं तेवढंच बोलली, पण नीट बोलली.

मग त्या ठकूकडे वळल्या. "याआधी कधी असं झालंय?"

ठकूने तोंड उघडलं. ती बोलायच्या आत मीच बोललो — "नाही हो. एकदाच. आयुष्यात एकदाच पाय घसरला पोरीचा."

"मी त्यांना विचारलं होतं," बाई म्हणाल्या.

ठकू नखं बघत होती. म्हणाली, "बाबा म्हणतात ते."

बाईंनी लिहून घेतलं.

१० एप्रिल

सकाळी ठकू माझ्यापाशी येऊन बसली. "काल तुम्ही का बोललात?"

"वेळ निभावली."

"मला बोलायचं होतं."

मी म्हटलं, आता झालं ना, चांगलंच झालं. आणि पेपर वर धरला. थोडा वेळ बसली, मग उठून गेली.

काय बोलायचं होतं ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं हे आता लिहितानाही कळतंय. ती पलीकडच्या खोलीत आहे, दिवा चालू आहे. तरी मी उठत नाही.

१७ एप्रिल

वकीलबाईंचा फोन. अहवाल उत्तम आहे. 'कुटुंबाचा आधार भक्कम, प्रकार एकवेळचा.' हमीपत्रावर सुटेल असं त्यांनी प्रथमच जरा ठामपणे सांगितलं. बायको भिंतीला टेकून बसली आणि हसली. किती दिवसांनी! ठकूला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं." जेवली नाही. भीती असेल, मी मनाशी म्हटलं.

२२ एप्रिल

उद्या निकाल. बायकोने न सांगता ठकूचा पांढरा शर्ट काढून इस्त्री केली आणि थेट तिलाच म्हणाली, "कॉलर नीट बसते का बघ." ठकूने तिथेच घालून दाखवला. दोघी आरशासमोर उभ्या होत्या. मी दारातून मागे फिरलो.

२३ एप्रिल

शिक्षेआधी न्यायाधीशांनी विचारलं, काही सांगायचं आहे? वकीलबाईंनी तिच्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं होतं. ते ती बोललीच नाही. म्हणाली, "अहवालात एकदाच असं लिहिलंय. ते खोटं आहे. आणखी दोन कार्डं होती. ती अजून कुणाच्या लक्षात आलेली नाहीत."

निकाल पुढे गेला. पुन्हा चौकी, नवा जबाब. 'बहुधा' आता कुणी म्हणत नाही.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाईंनी ठकूला विचारलं, "अजून काही आहे का?" बायकोने तिचा दंड घट्ट धरला होता. तिघीही माझ्याकडे बघत होत्या. या वेळी मी तिच्याआधी बोललो नाही.

ठकू म्हणाली, "नाही. आता एवढंच."