बोटावरचा चिमटा

४ मार्च

लिही रे लंबू, जसं बोलते तसंच. शहाणपणा करून सुधारू नकोस! मला वाचता येत नाही, पण ऐकता येतं. परत वाचून घेईन.

लंबू म्हणजे नातीच्या पळणाऱ्या टोळीतला. एरवी बँकेत कॅशियर. पोटरी दुखावली म्हणून घरात बसलाय, मला आयता लेखनिक मिळाला. टोळीत सगळे नोकरदारच. डोंगरावरच्या विरळ हवेत राहून पळलं की खाली गेल्यावर पायांना पंख फुटतात म्हणे! नातीला उन्हाळ्यातली मोठी शर्यत जिंकायचीय. दवाखान्यातली नोकरी सोडून वर आली. मी तिच्यासोबत, स्वयंपाकाला. इथे कुकरशिवाय बटाटाही शिजत नाही. पाणी नुसतं उकळतं — उथळ पाण्याला खळखळाट फार!

९ मार्च

रोज सकाळी टोळीचे मास्तर सगळ्यांच्या बोटाला चिमटा लावतात. अंगात हवा किती भिनलीय ते त्यावर दिसतं. माझ्या बोटाला नात लावते. नियम कडक — ज्याचा आकडा पडला त्याने लगेच खाली उतरायचं. तेही एकट्याने नाही, घरचं माणूस सोबत.

आज लंबूचा पडला. तोंड एवढंसं झालं बिचाऱ्याचं. मास्तर हसले. "हात बर्फ झालेत तुझे. थंड बोटावर हा खोटं बोलतो. शेकून ये." शेकलं, आकडा चढला. घ्या, यंत्रालाही थंडी वाजते!

१७ मार्च

नातीला वाटीभर भात वाढला, निम्मा परत. "आजी, जड अंगाने चढ चढत नाही." अगं, अंग आहे कुठे? कंगव्यात केसांचा गुंता. पाळीही थांबलीय. तिला वाटतं, म्हातारीला कळत नाही. (लाजू नकोस लंबू, लिही.)

सुनेचा फोन आला. "आई, खाते ना ती?"

खाते हो, म्हटलं. जीभ कशी झडली नाही माझी!

२६ मार्च

नात चढावर पडली. नडगी धरून बसली, मग लंगडत पुन्हा पळाली. मास्तर म्हणतात, आकडा झकास आहे. हाडाचं दुखणं चिमट्याला कुठे दिसायला!

घरी जाऊ या, म्हटलं.

"सगळ्यांना सांगून आलेय गं आजी. आता कुठल्या तोंडाने उतरू?"

२७ मार्च

आज काही नको लिहूस.

२ एप्रिल

अंघोळीचं पाणी द्यायला गेले. पाठ दिसली तिची. मणका न् मणका वेगळा. या हातांनी तेल चोळलेली पाठ ती! आरडाओरडा केला, विनवण्या केल्या, एकदा जेवणावर रुसूनही बघितलं. पालथ्या घड्यावर पाणी. पोर डोळ्यांदेखत विझत चाललीय आणि मी कुकरच्या शिट्ट्या ऐकत बसलेय. माझ्या हातात दुसरं आहे काय?

५ एप्रिल

लोक देव पाण्यात घालून बसतात. मी बोट घातलं.

बाहेरच्या बादलीवर सकाळी बर्फाची साय होती. ती फोडून हात बुडवला, पार बधिर होईपर्यंत. लंबूने बघितलं. मी डोळे वटारले, तसा तो आत सटकला. नातीने चिमटा लावला. बराच वेळ बघत राहिली. मास्तरांनी दारातूनच विचारलं, "शेकून बघितलंस?"

"बघितलं," म्हणाली.

कधी बघितलं? घाबरली असेल पोर.

लगेच सामान बांधलं. ज्याला त्याला सांगत होती, "आजीसाठी जावं लागतंय." शर्यत गेली. डोळ्यात टिपूस नाही. मी मात्र चोरासारखी गाठोड्यावर बसलेले. एवढ्या वर्षांचं नातं, आणि मी तिला फसवून खाली नेतेय. तिला कळलं तर तोंड बघणार नाही माझं.

लंबू, कुठे बोललास तर याद राख!

५ एप्रिल, बसमध्ये

लंबूही आमच्यासोबत उतरतोय, पोटरी काही बरी होत नाही. अक्षर हललं तर दोष घाटाचा. नातीला आत्ता झोप लागलीय, तोवर लिही.

मघाशी तिने माझा हात ओढून घेतला. तेच बोट मुठीत धरून बसली. म्हणाली, "आजी, बादलीतलं पाणी फार गार होतं का गं?"

मी खिडकीतून घाट बघू लागले.

मग म्हणाली, "डब्यात काय आहे?"