तथास्तूच्या हद्दीबाहेर

बाबा, काल आईने स्वतःच्या मरणाची यादी वाचून दाखवली आणि आम्ही नऊ माणसं पोट धरधरून हसलो. "नाकात कापूस लगेच कोंबू नका, मला गुदमरल्यासारखं होतं," हे पहिलं कलम. दुसरं, हारातला फोटो आधारकार्डावरचा नको, नथीतला हवा. तिसरं, भेटायला येणाऱ्याला रडायच्या आधी चहा द्यावा, नंतर तो गार होतो. तुम्ही असता तर चष्मा काढून डोळे पुसत बसला असता. ब्याऐंशी वर्षांची आहे ती आता. हृदय थकलंय, पायांवर सूज असते, आणि बाळकुमला माझ्याकडे राहून ती सगळ्या सोसायटीवर राज्य करते.

तिला बघायला दर आठवड्याला एक नर्स येते. बऱ्या न होणाऱ्या माणसांचं दुखणं घरच्या घरी हलकं करायचं, हे तिचं काम. गेल्या वर्षी आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा नळ्या लावलेल्या अवस्थेतच गेले. त्यांना काय हवं होतं, हे मुलांना शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हा तीच म्हणाली, "अहो, तुम्ही लोक पाण्याच्या टँकरवर मीटिंग घेता, मग यावर का नाही घेत?" सगळ्यांना पटलं, पण घोडं अडलं जागेवर. कुणी आपलं घर द्यायला तयार होईना, कारण घरात अभद्र बोललं की वास्तू तथास्तु म्हणते. गच्चीवर बसू म्हटलं तर सेक्रेटरींनी विचारलं, "गच्ची काय वास्तूत येत नाही?" शेवटी खुर्च्या उचलून आम्ही गेटबाहेर जांभळाच्या झाडाखाली गेलो. तिथे तथास्तूची हद्द संपते, असं एकमताने ठरलं. आमची इमारत जिच्या शेतावर उभी आहे ती गावातली आगरी काकू आमच्याच मजल्यावर राहते. पहिल्या दिवशी सगळे एकमेकांची तोंडं बघत बसलेले, तर तिनेच हात वर केला, "मना घरानच मराचा हाय. आन् तेराव्याला गोर नको, मावरा करा." तेराव्याला गोडाऐवजी मासे! त्या एका वाक्याने आमची सगळ्यांची तोंडं उघडली.

पण बाबा, इतरांना काय हसू? तथास्तूची ढाल आधी मीच वापरली होती. विठ्ठलवाडीच्या आपल्या दोन खोल्या. शहाडच्या कारखान्यातून रजा काढून तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी खाटेवर पडलेले. अल्सर आहे, होईल बरं, असं मी तुम्हांलाही सांगितलेलं आणि आईलाही. डॉक्टरांनी खरं काय ते मला एकटीलाच सांगितलं होतं. मी आमटीला फोडणी देतेय आणि तुम्ही म्हणता, "अगं, ऐक जरा. मी गेल्यावर..." मी डाव आपटते. "बाबा, तिन्हीसांजेला काय अभद्र बोलता! वास्तू तथास्तु म्हणते." जरा वेळाने तुम्ही विचारता, "गूळ घातलास का आमटीत?" पंधरा दिवसांनी तुम्हांला धाप लागली, मी घाबरून अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, आणि काचेच्या दारापलीकडे, मशीनच्या आवाजात, कुणाचाही हात हातात नसताना तुम्ही गेलात. वास्तूचं नुसतं निमित्त होतं. मला ऐकवत नव्हतं, म्हणून मी तुमचं तोंड बंद केलं.

काल आईच्या तिसऱ्या कलमानंतर हे मी पहिल्यांदाच चारचौघांत सांगितलं. आता आई रडणार असं मला वाटलं. तिने शांतपणे एक जांभूळ तोंडात टाकलं. "त्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "मलाही त्यांनीच सांगितलं. तू ऑफिसला गेलीस की आम्ही रिक्षा करून शहाडला नदीकाठी जायचो. घरात बोलायची सोय कुठे ठेवली होतीस तू?"

"मग मला का नाही सांगितलंत?"

"ते म्हणायचे, पोरगी एवढ्या मनापासून खोटं बोलतेय, तिचा हिरमोड कशाला करायचा."

बाबा! आधी तुमचा इतका राग आला, आणि मग हसू फुटलं ते थांबेचना. दोन खोल्यांत तीन माणसं, आणि तिघंही एकमेकांना फसवण्यात पटाईत. नदीकाठी तुम्ही भेळसुद्धा खायचात म्हणे, आणि इथे मी तुमच्या पथ्याचा केवढा बाऊ करत होते! तुम्ही बोललात, तुमचं ऐकणारं कुणीतरी होतं, या एका गोष्टीचा मला इतका आनंद झाला की घरी येऊन मी साखरभात केला.

पण ते नंतर. त्याआधी आईने चौथं कलम सांगितलं, आणि त्याला कुणी हसलं नाही. "त्यांना दवाखान्यात जायचं नव्हतं. मी त्या दिवशी बोलले असते तर सगळंच उघडं पडलं असतं, म्हणून गप्प बसले. ती चूक पुन्हा नको. मला धाप लागली तर घरीच ठेव. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावणार नाहीस ना?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. या वेळी मी खोटं बोलले नाही. "बोलावेन गं बहुतेक. माझे हातपाय गळतात." आई म्हणाली, "बरं झालं आधीच सांगितलंस." आणि मग लग्नघर असावं तसे सगळे कामाला लागले. धाप लागली की पाठीशी उशा कशा रचायच्या, पंखा कुठे धरायचा, कुठलं औषध किती द्यायचं, हे नर्सने मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं. आईच्या डॉक्टरांकडून तिची इच्छा नीट कागदावर लिहून आणायचं काम सेक्रेटरींनी घेतलं. काकू म्हणाली, "पयली मना हाक मार. मी दारान बसीन, कोन तिला नेतं ते बघीन." आज सकाळी फ्रिजवर एक कागद चिकटवलाय. त्यावर तीन नंबर आहेत, नर्सचा, डॉक्टरांचा आणि काकूचा. आईने स्वतः मोठ्या अक्षरांत लिहिलेत.

हे पत्र तिला वाचून दाखवायचं ठरवलं होतं, पण आता नाही दाखवणार. अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर त्या कागदावर नाही. पण तो मला पाठ आहे, बाबा, आणि तो विसरायला मी अजून सुरुवातही केलेली नाही.