आमच्या गटातला पाचवा

३ जून, सोमवार
आमच्या बँकेची नवी शाखा सुरू केली. एक खोली, एक टेबल, डुगडुगणारा पंखा. नाल्यापलीकडच्या या वस्तीकडे आजवर एकही बँक फिरकली नाही. आता मी आलो आहे.
स्कीम सोपी. पाच बायकांच्या गटाला छोटी कर्जं, तारण नाही, प्रत्येकीने उरलेल्या चौघींना जामीन राहायचं. महिनाअखेर एक तरी गट झाला नाही, तर मी परत हेड ऑफिसात, मेहुण्याच्या हाताखाली. मेहुणा सुमार आहे. हे मत्सरातून लिहिलं का? तपासलं. नाही.

११ जून
पहिली मीटिंग. चौघी आल्या: शिवणवाली, इस्त्रीवाली, अंडीवाली आणि अंडीवालीची जाऊ. 'परस्परविश्वास' यावर तासभर बोललो. जाऊ झोपली. यांना विश्वास मुळापासून शिकवावा लागणार. निघताना चप्पल दिसेना, तेव्हा चौघींच्या पायांकडे पाहिलं. टेबलाखाली होती. तरी संशय अगदीच गैर नव्हता.
शर्ट इस्त्रीवालीकडेच टाकतो. पैसे पुढे कधीतरी एकदम देईन. तिलाही बचतीची सवय लागेल.

१९ जून
पाचवी मिळेना. शिवणवाली म्हणते, बाई पारखून घ्यावी लागते, घाई करू नका. पारखायचं काय त्यात? निर्णयशक्ती शून्य.
उद्या रंगीत तालीम. पाचवा मी. मोटारसायकलसाठी कर्ज मागेन, त्यांनी फक्त हो म्हणायचं. एवढं तरी जमेल.

२० जून
जमलं नाही. चौघी कोपऱ्यात जाऊन बराच वेळ कुजबुजल्या. इस्त्रीवालीने शर्टांचा विषय काढला, जावेने चपलेचा. म्हणजे ती जागी होती. परत येऊन नाही म्हणाल्या. मी समजावलं की ही नुसती तालीम आहे. शिवणवाली म्हणाली, "म्हणून तर बोललो साहेब. खऱ्यात तोंडावर नाही म्हणवत नाही."
आकलन कमी. दुसरं काय.

२८ जून
गट झाला. पाचवी इस्त्रीवालीची नणंद. तालमीमुळे माणूस कसा पारखायचा ते पक्कं कळलं म्हणे. म्हणजे श्रेय माझंच. त्यांनी हेड ऑफिसला फोनही केला: शाखा राहू द्या, साहेब बदला. सोमवारी मेहुण्यासमोर हजर व्हायचं आहे.
जेवताना बायकोला सगळं सांगितलं. विचारलं, तू तरी राहिली असतीस ना मला जामीन?
तिने भाताचं पातेलं जवळ ओढलं. "खऱ्या कर्जाला की तालमीत?"
तालमीत, म्हटलं.
"मग राहिले असते," म्हणाली आणि मला भात वाढला.