स्टुडिओतला एकच कोट

अण्णा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी आज जे सापडलं ते आधी तुम्हालाच सांगायला हवं. इथे परदेशात, हॅमिल्टनमधल्या एका छोट्या संग्रहालयात मी शनिवारी मदतीला जाते. तिथे एका जुन्या स्टुडिओची पेटी आलीय. एकोणिसाव्या शतकातले, पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो. भट्टीवर राबणारे कामगार, घरकाम करणाऱ्या बायका. पूर्वी आपला चेहरा काढून घ्यायचा तर चित्रकार लागायचा, म्हणजे श्रीमंतांचंच काम. ही माणसं मात्र फोटो हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी टेकू लावून हूं की चूं न करता बसली, आणि एक प्रत समुद्रापलीकडे आईला पाठवून मोकळी झाली, की बघ, माझं बरं चाललंय.

लेक, तुमची नात, सोबत होती. तिने दोन फोटो शेजारी ठेवले आणि म्हणाली, "आई, सेम कोट आहे. थर्ड बटन बघ ना." तिसरं बटण खरंच वेगळं! मी बाकीचे भराभर पसरले. माणसं पाच, कोट एक. त्यातला एक जरा तिरका बसलाय, आणि त्याच्या पाठीवर कोट टाचण्यांनी आवळलेला स्पष्ट दिसतोय. मी आनंदाने टाळीच वाजवली.

कारण मला आठवला तुमच्या फोटो स्टुडिओतला खिळ्यावरचा काळा कोट! पाठीमागे कपडे वाळत घालायचे चिमटे लावून तो तुम्ही कुणालाही बेतून द्यायचात. हे खोटं नाही का, असं मी विचारलं, तर म्हणालात, "कोट आपला असेल, पण आत बसलेला माणूस तर खरा आहे ना?"

आणि मग ते गटारं साफ करणारे काका आठवले. मुलीच्या सासरी द्यायला त्यांना फोटो हवा होता. ते कोट घालून ऐटीत बसले, आणि नऊ वर्षांची मी दारातून ओरडले की तो कोट आमचा आहे. बाकावरची गिऱ्हाइकं हसली. काकांनी कोट काढला, घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि ते निघून गेले. तुम्ही नाक्यापर्यंत त्यांच्यामागे धावलात. ते परत कधी आले नाहीत.

आता या पाच फोटोंखालच्या चिठ्ठ्या मला लिहायच्या आहेत. कोट एकच आहे हे सांगून टाकायला जीभ नुसती वळवळतेय, पण ते मी लिहिणार नाही, लेकीलाही मी गप्प राहायला सांगितलंय.

त्या दिवशी चुकून बोलले, असं मी रडत सांगितलं आणि तुम्हाला ते पटलं. चुकून नव्हतं, अण्णा. भिंतीवरच्या फोटोत तो कोट तुम्ही घातला होता, आणि त्यांनी घातलेला मला नको होता.